किनाऱ्यावर आणल्यानंतर

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २७:३९ ते २८:११



वरील उतारा आपण अनेकदा वाचला असेल. पौलाला रोमकडे नेणारे तारू वादळात सापडते, वाळूच्या बांधावर रुतते आणि लाटांच्या माऱ्याने फुटते. ज्यांना पोहता येते ते उड्या टाकतात, उरलेले फळ्यांना व तारवाच्या तुकड्यांना धरून जमिनीकडे येतात. तारवावर २७६ माणसे होती आणि एकही बुडाला नाही. आपली प्रवचने बहुधा येथेच पूर्ण होतात. देवाने वचन पाळले, उपकारस्तुती करावी, आमेन म्हणावे. लूक मात्र येथे लेखणी खाली ठेवीत नाही. पाऊस पडतो आहे, थंडी वाजते आहे आणि ती भिजलेली माणसे एका अनोळखी बेटाच्या किनाऱ्यावर उभी आहेत. या लेखात आपण त्या किनाऱ्यावर थोडे थांबणार आहोत. त्यासाठी मी आपल्याला एका दूरच्या नदीवर नेतो. तेथे कर्करोगातून वाचलेले तरुण-तरुणी एकेकट्याच्या अरुंद होडीत बसून खळाळत्या पाण्यात उतरतात.

हे वेड आहे असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले होते.

या विषयाकडे मला वळवले ते आमच्या मंडळीतील एका चोवीस वर्षांच्या मुलीने. तिच्या मानेत गाठ आली, तपासणीत लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला आणि पुढचे आठ महिने किमोथेरपी व किरणोपचार यांत गेले. त्या काळात मंडळी तिच्यासाठी खरोखर झटली. उपासप्रार्थना झाल्या, रक्त देणारे रांगेत उभे राहिले, रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरून डबा जाई. उपचार संपल्यावर एका रविवारी उपकारस्तुतीची उपासना झाली व पेढे वाटले गेले. त्या दिवशीचा संदेश माझा होता. मी हाच उतारा घेतला आणि व्यासपीठावरून तिला उद्देशून म्हणालो की, मुली, तू आता किनाऱ्याला लागलीस.

चारएक महिन्यांनी ती माझ्याकडून नेलेला शब्दकोश परत करायला आली. निघताना दारात उभी राहून म्हणाली, "काका, तुम्ही म्हणालात मी किनाऱ्याला लागले. पण किनाऱ्यावर कोणीच नव्हतं हो."

मग ती बसली आणि बोलली. डबे त्या रविवारनंतर बंद झाले, आणि ते योग्यच होते, कारण आता ती स्वतः भाकरी थापू शकत होती. पण माणसेही बंद झाली. भेटणारा प्रत्येक जण "आता बरी आहेस ना?" असे विचारी आणि उत्तर ऐकण्याआधीच "देवाची कृपा" म्हणून पुढे जाई. नोकरीच्या अर्जात मधल्या आठ महिन्यांविषयी काय लिहावे हे तिला कळत नव्हते. स्थळे येत होती, आणि आई म्हणत होती की कोणापाशी बोलू नकोस. दर काही मिनिटांनी तिची बोटे आपोआप मानेकडे जात. बोलतानाही जात होती. ती म्हणाली, "शरीर माझंच आहे, पण त्याच्यावर माझा भरवसा राहिलेला नाही." मी त्या मुलीसाठी प्रार्थना केली होती, तिच्यावर प्रवचन केले होते, आणि तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

डॉक्टरांनी लिहिलेला निबंध

फिट्झह्यू मुलन हे अमेरिकेतील डॉक्टर. १९७५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्याच छातीच्या क्ष-किरण चित्रात एक सावली पाहिली. ती कर्करोगाची गाठ होती. ते वाचले आणि पुढे २०१९ पर्यंत जगले. १९८५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात त्यांनी एक निबंध लिहिला व त्यात असे मांडले की कर्करोगातून वाचणे ही एका दिवसाची घटना नसून तिचे ऋतू असतात. पहिला ऋतू निदान व उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा. यात रोग परतेल ही भीती सोबत राहते, शरीर थकलेले असते आणि रुग्णालयाचा आधार मात्र सुटलेला असतो. तिसरा ऋतू रोग बहुधा गेला असे म्हणता येते तेव्हाचा, आणि त्यातही उपचारांच्या खुणा राहतातच. मुलन यांनी वैद्यकाला जे सुनावले ते मला आमच्या मंडळीलाच सुनावल्यासारखे वाटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढण्याच्या उत्तम युक्त्या आपण शोधून काढल्या आहेत, परंतु एकदा त्याला धक्क्यावर आणून टाकले की आपले काम झाले असे समजून आपण त्याला तेथेच खोकत व धापा टाकत सोडून देतो.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मुलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाचलेल्यांची एक राष्ट्रीय संघटना उभी केली. निदान झाल्या क्षणापासून आयुष्याच्या अखेरपर्यंत माणूस कर्करोगातून वाचणारा असतो, अशी व्याख्या तिने केली. ही व्याख्या ध्यानात ठेवावी, कारण ज्यांचा रोग पूर्ण गेलेला नाही आणि जाणारही नाही त्यांनाही ती आपल्यात सामावून घेते. आपण ज्या नदीकडे निघालो आहोत तेथे असेही काही जण असतात.

तरुणांची अडचण आणखी निराळी. १५ ते ३९ या वयोगटातील ८० हजारांहून अधिक लोकांना अमेरिकेत दरवर्षी कर्करोगाचे निदान होते. लहान मुलांच्या विभागात भिंतींवर ससे व हत्ती रंगवलेले असतात. मोठ्यांच्या विभागात शेजारच्या खाटेवर आजोबांच्या वयाचे गृहस्थ असतात. विशीतल्या माणसाची जागा या दोन्हींत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या पंचवीसएक वर्षांत मुलांच्या व वृद्धांच्या उपचारांना जसे यश येत गेले तसे या मधल्या वयात आले नाही. ही तफावत पुढे मांडणारा अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००६ मध्ये लान्स आर्मस्ट्राँग फाउंडेशनबरोबर प्रसिद्ध केला. आज त्या देशात या वयाचे बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. म्हणजे पंचविशीत वाचलेल्या माणसापुढे पन्नास वर्षे पडलेली असू शकतात, आणि ती कशी जगायची हे त्याला कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

नदीवर

ब्रॅड लडेन हा मोंटाना राज्यात वाढलेला, खळाळत्या नद्यांवर कयाक चालवण्यात लहानपणापासून तरबेज असलेला तरुण. त्याच्या मावशी-आत्याच्या नात्यातील एका स्त्रीला तरुणपणीच स्तनाचा कर्करोग झाला, आणि त्या वयाच्या माणसांचे एकाकीपण त्याने जवळून पाहिले. विशीत असतानाच, २००१ मध्ये, त्याने कोलोरॅडो राज्यातील व्हेल येथे पहिले शिबिर भरवले. फर्स्ट डिसेंट्स हे त्याच्या संस्थेचे नाव. कयाक चालवणाऱ्यांच्या बोलीत, ज्या नदीवर वा नदीच्या ज्या टप्प्यावर आजवर कोणी होडी नेलेली नाही तेथून पहिल्याने उतरून जाणे याला हे शब्द वापरतात. शिबिर सुमारे आठवडाभराचे. कर्करोग झालेल्या तरुणांकडून त्याचे शुल्क घेत नाहीत. आल्याबरोबर प्रत्येक जण एक टोपणनाव घेतो आणि आठवडाभर त्याच नावाने ओळखला जातो. रुग्णालयात ज्याचे नाव केसपेपरच्या क्रमांकाला जोडले गेले होते त्याला असे नवे नाव घेताना काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

धाडसातून बळ देण्याची ही कल्पना तशी जुनी आहे, आणि तिचा उगमही बुडणाऱ्या जहाजांपाशी आहे. १९४१ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधील अबरडोवी येथे आउटवर्ड बाउंड ही शाळा काढली. जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होडीत अधिक बळकट असलेले तरुण खलाशीच आधी खचतात आणि मुरलेले खलाशी टिकून राहतात, अशी होल्ट यांची तक्रार होती. तरुणांना बाहूंचे बळ होते. आपण यातून निभावू हा अनुभव गाठीशी नव्हता.

कयाक म्हणजे काय ते पाहू, कारण सारे मर्म त्या होडीच्या घडणीत आहे. ही होडी मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर ते सीलचे कातडे ताणून बसवीत व तीत बसून शिकारीला जात. आजची नदीवरची कयाक प्लास्टिकची असते. ती वरूनही बंद असते. मधोमध एका माणसापुरते भोक, त्यात पाय पुढे पसरून बसायचे, आणि कमरेला बांधलेली झालर त्या भोकाच्या कडेवर ताणून बसवायची म्हणजे पाणी आत शिरत नाही. हातात एकच वल्हे, दोन्ही टोकांना पाते असलेले. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात लाइफ जॅकेट. पर्वतांवरचे बर्फ वितळून आलेले पाणी इतके थंड असते की अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाखही घालावा लागतो.

या होडीत दुसऱ्याला जागा नाही, हे लक्षात घ्यावे. आजारात सारे काही त्याच्यावर केले जात होते. सुई कोणी टोचावी, केव्हा जेवावे, कोणी भेटावे, हे इतरांनी ठरवले. आई उशाशी होती, भाऊ कागदपत्रे धरून होता, डॉक्टर निर्णय घेत होते, आणि त्या सर्वांचे प्रेम खरे होते. कयाकमध्ये आई बसू शकत नाही. डावीकडे वळायचे तर त्यालाच वल्हे मारावे लागते. ज्या शरीराने दगा दिला असे त्याला वाटते, त्याच शरीराला तो कित्येक महिन्यांनी प्रथमच एक आज्ञा देतो आणि शरीर ती पाळते.

पहिला धडा वल्हवण्याचा नसतो, उलटण्याचा असतो. संथ पाण्यात, शिक्षक शेजारी उभा असताना, होडी मुद्दाम पालथी करायची. डोके खाली, नाकात पाणी, सारे हिरवे-काळे. अशा वेळी पुढे वाकायचे, चाचपून झालरीची पट्टी शोधायची, ती ओढायची आणि दोन्ही हातांनी होडी मागे ढकलून बाहेर पडायचे. याला काही सेकंद लागतात. परंतु श्वास कोंडण्याची ओळख ज्याला यंत्राच्या बोगद्यात किंवा अतिदक्षता विभागात झाली आहे त्याला ते सेकंद मोठे असतात. काही जण पहिल्या दिवशी हे करू शकत नाहीत. त्यांना कोणी ढकलत नाही.

पुढचा धडा मला अधिक मोलाचा वाटतो. उलटलेल्या होडीतून बाहेर न पडताही सरळ होता येते, पण त्यासाठी सोबती लागतो. उलटलेल्याने पाण्याखालून हात वर काढून होडीच्या बुडावर जोराने थापा मारायच्या आणि मग दोन्ही हात होडीच्या दोन्ही बाजूंवरून पुढे-मागे फिरवत राहायचे. जवळचा सोबती आपली होडी वल्हवत आणून तिचे टोक त्या हातांपाशी टेकवतो. टोक हाताला लागले की त्याला धरून, कमरेच्या झटक्याने आधी होडी सरळ करायची आणि डोके सर्वांत शेवटी पाण्याबाहेर काढायचे. नवशिके घाईने डोके आधी वर काढू पाहतात, तेव्हा होडी पुन्हा पालथी होते. सोबत्याने येथे करायचे इतकेच की हात पोचेल अशा जागी टोक आणून ठेवायचे व स्थिर राहायचे. उलटलेल्याला तो पाण्याबाहेर उचलून काढत नाही. उचलायला गेला तर दोघेही उलटतील.

नदीचे इतर नियमही रूढ समजुतीच्या उलट आहेत. प्रवाहाने होडी खडकावर आदळली तर मनुष्य भीतीने खडकापासून दूर झुकतो, आणि वरून येणारे पाणी होडीची कड पकडून तिला उलथवते. म्हणून खडकाकडे झुकावे, त्याला जणू मिठी मारावी. होडीतून बाहेर फेकले गेल्यास वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाऊल दगडांत अडकते. उताणे पडून, पाय प्रवाहाच्या दिशेने वर धरून वाहत जावे. आणि मोठ्या खडकाच्या मागे पाण्याचा एक निवांत तुकडा असतो. तेथे प्रवाह मागे वळतो. एकेका खळाळातून उतरल्यावर सारे जण अशा आडोशाला येऊन थांबतात, मागून येणाऱ्याची वाट पाहतात. बोलणी बहुधा तेथेच होतात. केस परत आले तेव्हा कुरळे आले, मूल होईल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, पुढच्या महिन्यात तपासणी आहे, ही वाक्ये तेथे कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

धोका आणि परीक्षा

हे सर्व आमच्या अभ्यासगटात सांगितले तेव्हा एका वडील बंधूंनी विचारले, "ही देवाची परीक्षा पाहणे नव्हे काय? ज्याला नुकतेच मरणातून काढले त्याने पुन्हा पाण्यात उडी का घ्यावी?" त्यांनी मत्तय ४:७ चा हवाला दिला. प्रश्न योग्य आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी मारणारा शिरस्त्राण घालत नाही, एवढे उत्तर मी दिले, पण ते पुरेसे नाही.

खळाळत्या पाण्याच्या कठीणपणाची १ ते ६ अशी प्रतवारी जगभर मानली जाते. नवशिक्यांना खालच्या दोन प्रतींच्या पाण्यातच नेतात. ऋषिकेशच्या वरच्या अंगाला गंगेवर, किंवा रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेवर, जेथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालते, तेथे आपल्यापैकी काहींनी याचा थोडा अनुभव घेतला असेल. रोग्याला अशा पाण्यावर नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांची लेखी संमती हवी, आणि ती केवळ उपचार म्हणून घेऊ नये. काही किमो औषधांनी हृदय दुबळे होते. काहींनी बोटांची संवेदना जाते, मग वल्हे हातात आहे की सुटले तेच कळत नाही. रोगप्रतिकारशक्ती सावरलेली नसेल तर नदीचे पाणी नाकातोंडात जाणे बरे नव्हे. किरणोपचार झालेल्या कातडीला ऊन सोसत नाही. अशा वेळी "नको" म्हणणारा डॉक्टर हा भित्रा नसतो.

परंतु सावधगिरीच्या नावाखाली आपण किती काय बंद करून टाकतो याचेही एक बोलके उदाहरण आहे, आणि ते वल्हवण्याचेच आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी काढल्या की त्या बाजूच्या हाताला कायमची सूज येण्याचा संभव असतो. तिला लिम्फेडेमा म्हणतात. म्हणून अशा स्त्रियांना जोराची, पुनःपुन्हा करावी लागणारी हाताची कामे वर्ज्य सांगत. कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांना हे पटेना. १९९६ मध्ये त्यांनी अशा २४ स्त्रियांना व्यायामाने तयार करून लांबलचक ड्रॅगन होडीत बसवले आणि हातात वल्ही दिली. सूज वाढली नाही, नव्याने आलीही नाही. १९९८ मध्ये त्यांनी हे कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, आणि त्यानंतर अशा स्त्रियांची नौकापथके देशोदेशी निघाली. कित्येक वर्षे हजारो स्त्रियांना चांगल्या हेतूने सांगितला गेलेला तो निषेध तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

फर्स्ट डिसेंट्सच्या शिबिरांचाही अभ्यास झाला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, शिबिरानंतर तरुणांचे स्वतःच्या शरीराकडे पाहणे अधिक सौम्य झाले, आत्मसन्मान वाढला, उदासी व परकेपणाची भावना कमी झाली, असे आढळले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. शिबिराला जाणारे स्वतःहून अर्ज करून जातात. जो खोलीचे दार लावून बसला आहे तो अर्जच करत नाही. तेव्हा नदी सर्वांना बरे करते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिवाय आठवडा संपतो. टोपणनाव मागे राहते, घरी तोच अर्ज व तीच तपासणी वाट पाहत असते. आणि पुढच्या वर्षी कळते की आडोशाच्या पाण्यात आपल्याशेजारी होडी लावून बसणारा आता नाही. पौलाच्या तारवावरील २७६ पैकी एकही नाहीसा झाला नाही. या होड्यांचे तसे नाही. म्हणूनच त्यांच्यातील कित्येकांना "वाचलेला" हे बिरुद आवडत नाही. जो गेला तो काय कमी लढला, असा प्रश्न त्यांना पडतो.

एक क्रियापद

हा शब्द भाषांतरकाराला सोडवत नाही, म्हणून आता आपल्या उताऱ्याकडे परतू. २७ व्या अध्यायाच्या शेवटच्या दोन वचनांत आणि २८ व्या अध्यायाच्या १ ल्या व ४ थ्या वचनात लूक एकच ग्रीक क्रियापद वापरतो, दियासोझो. सोझो म्हणजे वाचवणे, तारणे. दिया म्हणजे मधून, आरपार. संकटाला वळसा घालून नव्हे तर त्याच्या मधून सुखरूप पलीकडे नेणे, असा त्याचा भाव. नव्या करारात ते आठच वेळा येते. १ पेत्र ३:२० मध्ये नोहाच्या तारवातील आठ जणांसाठी ते आहे, आणि ते तर पाण्यातूनच वाचले. पण लूक ७:३ मध्ये शताधिपतीच्या मरणोन्मुख दासाला बरे करण्याच्या विनंतीत, आणि मत्तय १४:३६ मध्ये प्रभूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवून बरे झालेल्या रोग्यांसाठीही हेच क्रियापद आहे. जलसंकटातून निभावणे आणि आजारातून बरे होणे या दोहोंना त्या काळच्या ग्रीक बोलणाऱ्याच्या तोंडी एक शब्द होता.

आपल्या मराठीत तर तो अधिकच जवळचा आहे. तरणे, तरून जाणे, तारू, तारण, हे सारे पार जाणे या अर्थाच्या एकाच धातूचे कुटुंब. "वाचलेला" म्हटले की कोणीतरी मेला आणि हा उरला असे ध्वनित होते. "तरून आलेला" म्हटले की पाणी आठवते, अंतर आठवते, हातपाय मारणे आठवते, आणि कोणाशी तुलना होत नाही. मी माझ्यापुरता हा शब्द घेतला आहे.

आता २८ वा अध्याय पाहा. बेटावरील लोक परके, परभाषी. त्यांनी विशेष ममता दाखवली असे लूक सांगतो, आणि त्या ममतेचा तपशीलही देतो: पाऊस व थंडी होती म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली आणि सर्वांना जवळ घेतले. त्यांनी उपदेश केल्याची नोंद नाही. ३ ऱ्या वचनात एक बारीक गोष्ट आहे, जी मी तीस वर्षांत कधी नीट पाहिली नव्हती. पौल काटक्या गोळा करतो आहे. समुद्रातून नुकताच बाहेर आलेला, वयस्क, कैदी असलेला मनुष्य. पण "तुम्ही बसा, तुम्ही थकला आहात" असे म्हणून कोणी त्याच्या हातातली मोळी काढून घेतली नाही. शेकोटी त्याच्यासाठी होती आणि तिच्यात काटक्या त्याच्याही होत्या.

त्याच मोळीतून साप निघाला. आणि लागलीच ममता करणारे तेच लोक म्हणू लागले की हा खुनी असला पाहिजे, समुद्रातून वाचला तरी न्याय त्याला सोडत नाही. चांगली माणसे ती, शेकोटी पेटवणारी! रोग उलटला की आपल्याकडे दबक्या आवाजात काय बोलले जाते ते आठवावे: विश्वास कमी पडला असेल, घरात काही पाप असेल. पौलाने त्यांच्याशी वाद घातला नाही, हात झटकला. जेथे वाट पाहणारे लोक बराच वेळ पाहत राहिले, तेथेच ते तीन महिने राहिले (२८:११), आणि निघताना बेटकऱ्यांनी त्यांना लागणाऱ्या वस्तू तारवावर भरून दिल्या. आमची उपकारस्तुती एका रविवारची होती.

आपल्या देशातही हे काम झालेलेच नाही असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९१ मध्येच, उपचार पूर्ण झालेल्या बालरुग्णांची पुढे वर्षानुवर्षे तपासणी करणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यातून मोठी झालेली मुले २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने एकत्र आली आणि त्यांनी आपल्या गटाचे नाव ठेवले उगम. बालपणी कर्करोगातून तरून आलेले तरुण त्यात नव्या रुग्णांना व त्यांच्या आईवडिलांना भेटतात. ज्याला हाच आजार झाला होता असा विशीतला, शिकलेला, नोकरी करणारा मनुष्य समोर उभा पाहून त्या आईला जे मिळते ते कोणता पाळक देऊ शकेल?

आमच्या शहरात कयाक नाही, नदीही धड नाही. मी त्या मुलीला हे सारे वाचून दाखवले तेव्हा ती उलटण्याच्या धड्यापाशी हसली आणि थापा मारण्याच्या धड्यापाशी गप्प झाली. शेजारच्या मंडळीत हाडाच्या कर्करोगात एक पाय गमावलेला मुलगा आहे, त्याला तिनेच शोधून काढले. त्याच्या ओळखीची आणखी एक जण आली. महिन्यातून एका शनिवारी ते तिघे, कधी चौघे, आमच्या घरी जमतात. पहिल्या खेपेस मी प्रार्थनेने आरंभ करून शास्त्रभाग समजावू लागलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, आज फक्त चहा चालेल का?" आता मी चहा ठेवतो आणि आतल्या खोलीत भाषांतराला बसतो. दार उघडेच असते. बाहेर हसण्याचा आवाज होतो, कधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. कपबशा तो एका पायाचा मुलगा विसळतो. कुबडी ओट्याला टेकवून, कोणाला हात लावू न देता.

मागच्या शनिवारी ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. हातात फोन होता, त्यावर रायगड जिल्ह्याचा नकाशा.

"काका, डॉक्टरांना विचारलंय, ते हो म्हणालेत. त्या कुंडलिकेला पाणी सकाळी किती वाजता सोडतात?"